डेपोला जिना नाही

भाऊ : लिहा ना डॉक्टर, ‘जिन्यावरून पडून दात तुटला.’ त्यात एवढा विचार कसला?

डॉक्टर : मी तुम्हाला विचारलं नाही. दात यांचा तुटलाय. बाई, तुम्ही सांगा.

बहीण : मी कुठूनही पडले नाही. बस चालवते मी. सकाळी डेपोतून गाडी काढत होते, तर एक जण दारात पाय रोवून म्हणाला, माझा मित्र येतोय, पाच मिनिटं थांब. म्हटलं, गाडीत चाळीस माणसं कामावर निघालीत, तुमच्या मित्राची अंघोळ होईपर्यंत नाही थांबायची. वर चढला आणि ठोसा मारला.

भाऊ : ‘एक जण’ म्हणे! आमच्या डेपोच्या साहेबांचा सख्खा मेहुणा आहे तो.

बहीण : मग? मेहुण्याने मारलं की दात आपोआप उगवतो का?

डॉक्टर : तुटलेला तुकडा आहे?

बहीण : आहे ना. या डबीत, दुधात.

डॉक्टर : दुधात! कोणी सांगितलं?

बहीण : डेपोच्या भिंतीवर प्रथमोपचाराचा तक्ता आहे. रोज चावी घ्यायला त्याच्यासमोरच उभी असते. आधी तुकडा शोधला, मग रडले. अख्खी गाडी वाकून शोधत होती, शेवटी एका आजींना सापडला.

डॉक्टर : शाबूत आहे. नसही उघडी पडलेली नाही. हाच जोडू. आ करा... ओठ आतून फाटलाय. आणि बाहेर हा चौकोनी वळ? अंगठी होती त्याच्या हातात?

बहीण : चांगली खड्याची. त्याला लाभत असेल, मला नाही लाभली.

डॉक्टर : आता सुई टोचतेय. मोठा आ. बोलू नका.

भाऊ : बोलता येत नाही तोवर ऐक जरा. पंधरा दिवसांत माझ्या बढतीचा कागद साहेबांच्या टेबलावर जाणार आहे. चौकशीच्या खिडकीत ‘कुठली गाडी, किती वाजता’ सांगून सांगून घसा बसलाय माझा. तुझ्या नोकरीच्या वेळी सगळे हसत होते, तेव्हा पाठीशी मीच उभा राहिलो ना? मग एकदा माझ्यासाठी झाकली मूठ राहू दे. साहेब म्हणालेत, जिना लिहून आणा, विषय संपला.

बहीण : आँ... आँहँ!

डॉक्टर : ‘नाही’ म्हणाल्या.

भाऊ : तुम्हाला कसं कळलं?

डॉक्टर : बावीस वर्षं उघड्या तोंडाच्या माणसांशीच बोलतेय मी. बाई, चूळ भरा. औषध चढेपर्यंत बोलून घ्या. नंतर बराच वेळ गप्प बसायचंय.

भाऊ : तुम्ही तरी समजवा हिला. पाण्यात राहून माशाशी वैर बरं नव्हे.

बहीण : दादा, तू पाठीशी उभा राहिलास, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण आज सकाळी तू खिडकीत होतास. माझी गाडी तिथून दहा पावलांवर. काय पाहिलंस?

भाऊ : गर्दी होती.

बहीण : गर्दी माझ्या मागे होती, गाडीत. मधे चिटपाखरू नव्हतं.

भाऊ : मी उठलो होतो गं.

बहीण : उठलास, आणि परत बसलास. आरशात दिसलं मला.

भाऊ : झालं ते झालं. आता पुढचं बघ.

बहीण : मागच्या महिन्यात दोन नव्या मुली लागल्यात गाडीवर. आज मी जिना लिहिला, तर उद्या त्याही जिन्यावरून पडणार. आणि जिना आहे कुठे रे डेपोत? सगळी बैठी इमारत!

डॉक्टर : खरंच जिना नाही?

भाऊ : पाण्याच्या टाकीला शिडी आहे.

डॉक्टर : हे बघा, मी तिथे नव्हते. पण पडलेल्या माणसाचं नाक, हनुवटी, तळहात, काहीतरी सोलवटतं. इथे साधा ओरखडा नाही. दिसतंय ते मी लिहिणार, आणि या सांगतात तेही, यांच्याच शब्दांत. तुमच्या साहेबांना शंका असेल तर त्यांनी येऊन आ करावं. बाई, तुम्ही करा.

(बऱ्याच वेळाने दात चिकटवायचा निळा दिवा विझतो. डॉक्टर बहिणीच्या हातात आरसा देतात.)

बहीण : अगं बाई! माझाच दात दिसतोय.

डॉक्टर : तुमचाच आहे. पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही. महिन्याने दाखवायला या, नस दुखावलेली असू शकते. आणि उद्या आराम.

बहीण : उद्या सहाची पहिली गाडी माझी आहे. तोच रस्ता, तीच वेळ. एक मिनिट इकडे नाही की तिकडे.

भाऊ : ओठ लुळा पडलाय, शब्द घसरतायत, पण तोरा बघा हिचा!

डॉक्टर : हा कागद वाचा. खाली तुमची सही, शेजारी सोबत आलेल्याची.

बहीण : दादाची नको. माझी एकटीची पुरे. त्याची बढती अडायला नको.

भाऊ : आण इकडे. डॉक्टर, इथे ‘नातं’ विचारलंय, तिथे ‘भाऊ’ लिहिलं. त्याच्यापुढे ‘साक्षीदार’ लिहिलं तर चालेल?

डॉक्टर : चालेल की. पण एवढा मोठा शब्द कशाला? ‘पाहिलं’ लिहा, तेवढं पुरे.

भाऊ : नाही डॉक्टर. पाहिलं तर मी सकाळीही होतं.