सुमेधाची भोकरीची बाग

टेमघरच्या या विहारात जमलेल्या सगळ्यांना जय भीम.

मी वंदना. सुमेधाची मोठी बहीण. मला फार बोलवेल असं वाटत नाही. गेले कित्येक महिने हॉस्पिटल, घर, काल्हेरच्या गोडाऊनमधली माझी ड्युटी, आणि परत हॉस्पिटल. रडायलासुद्धा अंगात जोर राहिलेला नाही. म्हणून खुर्चीत बसूनच बोलते. चालवून घ्या.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. सकाळी एकांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "ताई, सभा विहारात आहे. तिच्या कामाचं नाही काढलंत तर बरं." त्यांचा हेतू वाईट नव्हता, मला माहीत आहे. पण मग मी काय बोलू? स्वभावाने गोड होती म्हणू? नव्हती. चांगली तिखट होती. स्वयंपाक छान करायची म्हणू? डाळ हमखास करपवायची. माझी बहीण वाइन बनवायची. जुन्या, विसरलेल्या बागेतल्या द्राक्षांची. आयुष्याची शेवटची वर्षं तिने त्यात घातली. ते वगळलं तर तिच्याबद्दल सांगायला उरतं काय?

आमचे बाबा इथे समोर बसलेत. पॉवरलूमवर कापड विणण्यात आयुष्य गेलं त्यांचं. आमचा काका, त्यांचा धाकटा भाऊ, दारूने गेला. त्याला शेवटची आंघोळ घालताना बाबांनी जे ठरवलं ते ठरवलं. या वस्तीतल्या किती जणांची त्यांनी सोडवली, ते तुम्ही मला सांगाल, मी तुम्हाला कशाला सांगू? नशेपासून दूर राहायचं ते पाचवं शील आमच्या घरात नुसतं म्हणायचं नव्हतं, पाळायचं होतं. आणि त्या घरातली मुलगी शिकली, नाशिककडच्या एका मोठ्या वाइन कंपनीच्या लॅबमध्ये लागली. तिथपर्यंत बाबांनी चालवून घेतलं. नोकरी आहे म्हणाले. नोकरी कुठेही असते.

त्या नोकरीत तिला गावोगाव जाऊन बागांमधली द्राक्षं तपासावी लागायची. गोडी किती आली, तोडायची कधी. अशीच एका गावात तहान लागली म्हणून ती यमुनाबाईंच्या दारात गेली. यमुनाबाई आज आल्या आहेत, त्या मागे बसल्यात. पहाटेची एसटी धरून आल्या.

तर पाणी पिता पिता सुमेधाला गोठ्यामागे पांगाऱ्याची झाडं दिसली. आणि त्यांच्यावर चढलेल्या वेली. माणसाच्या दंडाएवढी जाड खोडं. तिने विचारलं, हे काय? यमुनाबाई म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यानं लावेल बाग हाये ती. भोकरीची. आता समद्यांनी बिनबियांची लावली, हिला कोन इचारतं? पन तोडायला मन झालं न्हाई."

भोकरी म्हणजे आपल्याकडचं जुनं द्राक्ष. पिवळसर, जाड सालीचं, बियांचं. बाजारात आता दिसत नाही. सुमेधाने एक मणी तोंडात टाकला आणि मला तिथूनच फोन लावला. "ताई, मला बाग सापडली." मी म्हटलं, "कुणाची हरवली होती?" मी डिस्पॅचच्या गडबडीत होते. ती हसली नाही. म्हणाली, "ताई, मी चेष्टा करत नाहीये."

मग दर रविवारी ती तिथे. मग नोकरीच सोडली. वेली मोकळ्या केल्या, छाटल्या, शेण-गोमूत्र घातलं. औषध फवारायचं नाही म्हणजे नाही. बाहेरून काही न घालता, त्या द्राक्षांच्या सालीवर जे नैसर्गिक विरजण असतं त्यावरच वाइन होऊ द्यायची, असं तिचं होतं. गावाजवळच्या वाइनच्या एका छोट्या कारखान्याच्या मालकाने त्याची एक टाकी तिला दिली. पहिल्या वर्षी सगळ्याचा व्हिनेगर झाला. दुसऱ्या वर्षी भुरी पडली, घडच्या घड पांढरे. यमुनाबाई म्हणाल्या, फवार गं बाई एकदा, कुणाला कळतंय? ही म्हणाली, मला कळतंय. सांगितलं ना, तिखट होती.

त्यानंतरच्या वर्षी जमली. थोड्याच बाटल्या. मुंबईहून माणसं विचारत यायला लागली. चव कशी होती? मला विचारू नका. मी चाखलेली नाही. आईने नाही, बाबांनी नाही. तिने कधी एक बाटली या घराच्या पायरीवर आणली नाही. आमच्या बहिणीने जे केलं त्याची चव आमच्यात कुणालाच माहीत नाही. हे बोलताना मला कसं वाटतं, ते मलाच नीट सांगता येत नाही.

नोकरी सोडली तेव्हापासून बाबा तिच्याशी बोलत नव्हते. वस्तीत लोक बोलायचे. दारूवाली म्हणायचे. म्हणायचे ना? असू दे. पलीकडच्या गल्लीतल्या आपा मात्र तिला "हमारी अंगूरवाली" म्हणायच्या. त्या एका शब्दासाठी मी त्यांचे उपकार विसरणार नाही.

मग बाबांचा लूम बंद पडला. ते घरात बसून राहिले. आणि एक दिवस यमुनाबाईंनी परस्पर फोन केला. "तुमची पोरगी एकटी खपती हितं. बगायला तरी या." आम्हाला वाटलं, बाबा फोन आपटतील. दुसऱ्या दिवशी ते नाशिकच्या गाडीत बसले.

तिथे गेल्यावर ते तिला एवढंच म्हणाले, "सुमे, बागंत काय पन सांग, करीन. द्राक्षं तोडून कारखान्याच्या दारापर्यंत आनून देईन. आत न्हाय येनार."

ती म्हणाली, "नका येऊ बाबा. मीच बाहेर येत जाईन."

आणि तसंच चाललं. तोडणीच्या दिवसांत बाबा क्रेट दारात ठेवायचे, ती आतून उचलायची. जेवायला चिकट हातांनी बाहेर यायची आणि दोघं बाभळीखाली बसून भाकरी खायची. कोणी कुणाला पटवलं नाही. बाबांनी शील सोडलं नाही, तिने काम सोडलं नाही. मी कधी गेले की मला त्या दोघांचा हेवा वाटायचा.

मग तिचं रक्त बिघडलं. त्या हॉस्पिटलचं मी काही सांगत नाही, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी फेऱ्या मारल्यात माझ्याबरोबर. औषधांचा गुण येईना तेव्हा तिला घरी आणलं. आणि नेमकी तेव्हा बाग पिकली.

बाबा म्हणाले, मी हिला सोडून जानार न्हाय. ती म्हणाली, "बाबा, घड वेलीवर सडतील. जा." बाबा हलेनात. तिला धाप लागत होती, तरी ओरडली, "जा म्हणते ना!"

ते गेले. यमुनाबाई आणि गावातल्या बायकांबरोबर सगळी बाग तोडली. क्रेट नेऊन दारात ठेवले. पण आतून ते उचलणारी इथे, टेमघरला, अंथरुणात होती.

मालक बाहेर आला. म्हणाला, "काका, ताईंची पद्धत मला सगळी ठाऊक नाही. त्यांना विचारून करावं लागेल." बाबांनी मला व्हिडिओ कॉल लावला. मी फोन सुमेधाच्या तोंडासमोर धरला. तिला दारातून काहीच दिसेना, नुसता अंधार. "बाबा, जरा पुढे घ्या. अजून पुढे." आणि मी बघितलं, चित्र हललं, उजेड बदलला, टाकी दिसली. बाबा आत गेले होते.

द्राक्षं चेचली जात होती. तिने विचारलं, "बाबा, वास कसा येतोय?"

बाबांनी वाकून वास घेतला. मग म्हणाले, "गोड हाय. आंबट पन हाय. भिजल्या मातीवानी थोडा."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली. "आता झाकण लावायला सांगा." आणि डोळे मिटून पडून राहिली. त्या दिवशी ती जेवली. नंतर नाही जेवली फारसं. बाबा परत आल्यावर चारच दिवसांनी गेली.

मी बाबांना विचारलं, तुम्ही आत गेलात? ते म्हणाले, "मी पिलो न्हाय. पोरीला दाखवायला गेलो." ज्यांना शंका असेल त्यांनी त्यांनाच विचारावं. मला वाटतं, आज नका विचारू.

पुढे काय, मला माहीत नाही. यमुनाबाई म्हणतात, मी हाये तवर वेलींना पानी घालीन. छाटणी कोण करणार, टाकी कोण सांभाळणार, काहीच ठरलेलं नाही. आज विचारूही नका. आम्ही सगळे फार दमलो आहोत.

अशा वेळी उभं राहून शांतता पाळायची पद्धत आहे. पण आईला उभं राहवत नाही. यमुनाबाईंचे गुडघे गेलेत. बाबा उठले तर पडतील असं मला वाटतं. म्हणून आज कुणीच उठू नका. शेजारच्याच्या हाताला हात लावून जरा वेळ असेच बसा. आमच्या सुमेधासाठी.

मी आता गप्प होते.