वर केलेला हात

शवागाराबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी दीर-भावजय बसली होती. दिराच्या पँटवर गुडघ्यापर्यंत चिखल वाळला होता.

“भाऊजी, हे चिखलात रुतताहेत, हे तुम्हाला खाडीच्या काठावरून दिसलं नाही?”

“भरती लागली होती, वहिनी. पाणी चढलं की पक्षी काठाकडे सरकतात, ते बघायलाच तर आम्ही थांबतो. दादा बराच पुढे होता. त्यानं हात वर केला.”

“मग?”

“आमच्यात हात वर म्हणजे हलू नका, थवा उतरतोय. मी होतो तिथेच बसलो.”

“आणि थवा?”

“उतरला ना. सातासमुद्रापलीकडून आलेले पक्षी अगदी त्याच्या भोवती उतरले. मला वाटलं, नशीबवान आहे लेकाचा.”

“तुम्हा दोघांना पक्षी दिसले की माणसं दिसत नाहीत.”

“थवा उडाला तेव्हा तिथे नुसतं पाणी होतं.”

“आई विचारतील.”

“खरं तेच सांगेन.”

“नको. एक मुलगा गेलाय त्यांचा. दुसऱ्याचं तोंड पाहणार नाहीत त्या. धुकं होतं म्हणा, हात दिसलाच नाही.”

“लख्ख ऊन होतं, वहिनी.”

“धुकं होतं, भाऊजी.”