मधुकाकांची न भरलेली जखम

मंडळी, आज बोलायला मी नको म्हणत होते. काकू म्हणाल्या, तूच बोल. म्हणून उभी आहे. कितपत जमेल, माहीत नाही.

मधुकाका आमच्या समोरच्या दारातले. डोंबिवलीतच रंगाच्या कारखान्यातून रिटायर झालेले. शुगरमुळे पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती भरेचना. आणि मी ठाण्याच्या लॅबमध्ये जखमांवरच काम करते. जिन्यात भेटले की विचारायचे, कुठवर आलंय गं?

मी सांगायचे. स्टेम सेल म्हणजे मूळपेशी. त्या आम्ही पोषक पाण्यात वाढवतो. त्या पाण्यात त्या बारीक पिशव्या सोडतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या. या पिशव्या कातडीला निरोप देतात, कामाला लाग, जखम भर. आम्ही पेशी बाजूला काढतो, पिशव्या घेतो. काका म्हणाले, "म्हणजे भात ठेवायचा नि पेज प्यायची. कोकणातल्या माणसाला काय शिकवतेस?"

उंदरांच्या जखमा या पिशव्यांनी लवकर भरताना दिसतात. माणसांचं अजून नक्की नाही. हेही सांगायचे. दर वेळी सांगायचे.

मग माघी गणपतीला तुम्ही माझा सत्कार केलात. प्रेमानेच केलात. माईकवरून सांगितलं गेलं, आपल्या बिल्डिंगच्या मुलीने न भरणाऱ्या जखमेवर औषध काढलं. मी म्हटलं, अहो, अजून नाही. टाळ्यांमध्ये कोणाला ऐकू गेलं? काका पहिल्या रांगेत होते. बँडेजचा पाय स्टुलावर ठेवून टाळ्या वाजवत होते.

डॉक्टरांनी अंगठा काढायला सांगितलेला. काकांनी पुढे ढकललं. आमच्या मुलीचं औषध येतंय, म्हणाले. मी हात जोडले, भांडले. काकू रडल्या. नाहीच ऐकलं. अंगठ्याचं पावलावर गेलं, मग विष रक्तात भिनलं.

आयसीयूत मला विचारलं, "आणलंस?"

मी नाही म्हटलं. तर मलाच म्हणाले, "असू दे, होईल."

लोक समजावतात, तुझं काम पुढे कितीतरी जणांना उपयोगी पडेल. पडेलही. आज मला त्याचं काहीच वाटत नाही. माझा माणूस गेला. माझ्यावर विश्वास ठेवून गेला. हे घेऊन मी कुठे जाऊ?

गेले कित्येक महिने काका वाकून नमस्कार करू द्यायचे नाहीत. पायाला हात लागला की कळवळायचे. त्यांना खाली नेण्याआधी मी दोन्ही हात त्या पावलावर टेकवले. त्यांनी पाय मागे घेतला नाही.

उभे राहूया. थोडा वेळ कोणी काही बोलू नका.