सुरी उचलायचं काम

नाव: बाजारात सगळे थोरली म्हणतात. वय ५४. धंदा मासे कापणे. राहणार धक्क्यामागची गल्ली.

समक्ष हजर राहून सांगते की, मासळी बाजारात चौथा ओटा माझा, पाचवा माझ्या धाकट्या जावेचा. मयत तिचा नवरा, माझा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा तो सात वर्षांचा होता, आई नव्हती. न्हाऊमाखू घालून मीच त्याला मोठा केला.

आमच्या रांगेत एक रीत आहे. कोणाच्या ओट्यावर भांडण पेटलं की शेजारणीने आधी तिथली सुरी उचलून आपल्या मांडीखाली घ्यायची. मग काय तो तमाशा होऊ दे.

मागे दोनदा तो बोटीवरून उतरून थेट तिला मारायला आला. दोन्ही वेळा सुरी मीच उचलली. पहिल्यांदा तिचे दोन दात गेले, दुसऱ्यांदा मनगट मोडलं. थोरलीमुळे अनर्थ टळला, असं सगळ्या म्हणाल्या. मला ते आवडलंही होतं, त्याची आता लाज वाटते.

आज सकाळी दहाच्या सुमारास तो आला. 'मला बाहेर ठेवून दाराला कडी लावतेस?' म्हणत त्याने तिचे केस धरले आणि कपाळ ओट्याच्या कडेवर आपटलं. तीनदा. गिऱ्हाइकं पिशव्या सांभाळत मागे सरली. धक्क्यावरची जुनी जहाजं बघायला आलेला एक परगावचा पाहुणा फोटो काढत होता.

मी म्हणाले, "सोड तिला. मरेल ती."

तो म्हणाला, "वहिनी, तू मध्ये पडू नकोस. तुझं काम कर, सुरी उचल."

तिची सुरी माझ्यापासून वीतभर अंतरावर होती. मी हातातल्या माशाची खवलं काढत राहिले.

जावेच्या कपाळाचं रक्त डोळ्यांत उतरलं होतं, तिला दिसत नव्हतं. ती ओटा चाचपत होती. सुरी हाताला लागली तशी तिने मारली, एकदाच, बरगडीखाली. तो माझा पदर धरून खाली बसला. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. दवाखान्याची गाडी येईपर्यंत तो गेला होता.

हवालदारांनी हे सगळं मला वाचून दाखवलं. त्यात 'गडबडीत सुरी उचलायची राहून गेली' असं त्यांनी आपल्या मनाने घातलं होतं, ते मी खोडायला लावलं. राहून गेली नाही, मी उचलली नाही. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, म्हणून खाली अंगठा देते.