यंदाची ट्रकांची शर्यत

स्टुटगार्टच्या ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरी कार्यालयात, दाखल्यांच्या रांगेत, माझ्यापुढे एक निवृत्त अभियंता आणि त्यांच्या घरातली खोली सोडून निघालेली संशोधक मुलगी उभी होती. मी मराठी असल्याचे त्यांना कळू दिले नाही.

“काका, मी बॉनला गेले तरी यंदाची ट्रकांची शर्यत आपण एकत्रच बघायची.”

“अमेरिकेतली शर्यत, मी इथे, तू बॉनला. एकत्र म्हणजे कसं?”

“व्हिडिओ कॉलवर. एकही वर्ष चुकवलं नाहीत ना तुम्ही?”

“पहिल्या वर्षापासून एकही नाही. तेव्हा तुझी मालविकाकाकू म्हणाली, पिकअप ट्रक सामान आणायला असतात, पळवायला नव्हे. पुढच्या वर्षी तीच म्हणाली, ‘अहो, हा एकटाच पुढे गेलाय, हरणार बघा.’”

“हरला?”

“शेवटच्या फेरीत. तेवढ्या मोठ्या ट्रॅकवर एकटा ट्रक मंदावतो. दुसरा मागे चिकटला की हवेचा अडथळा दोघांचाही कमी होतो. ऊर्जा, यात भावनेचा संबंध नाही. विंड टनेलमध्ये मी स्वतः मोजलंय.”

“गेनाऊ, अगदी बरोबर. मग करू ना कॉल?”

“तुझं नेट वेगवान. चित्र तुझ्याकडे आधी पोहोचणार. कोण जिंकलं ते मला तुझ्या चेहऱ्यावरूनच कळेल. मग बघायचं काय?”

“मी कॅमेरा बंद ठेवते. नुसतं बोलू.”

तेवढ्यात तिचा नंबर पुकारला गेला. ती खिडकीकडे वळली.

“ऊर्जा, कॅमेरा चालू ठेव. निकाल आधी कळला तरी चालेल.”