शेवटचा वाटा रामाजीचा

...मंग कार्ड काऊन वाटले जी? नाई, मले तेवढंच सांगा! टीव्हीवर रोज भांडून राह्यले, देशात सगळ्याइले इलाज फुकट म्हने, फोटो काढला, अंगठा घेतला, कार्ड हातात देलं, अन् आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात रक्त धुवाची मशीन किती? तं एक! तिच्यावर सहा जनं भागतेत, पेशंट झाले सात. आता सातव्यानं काय कार्ड चाटाव?

त्या सातात आमच्या शेजारच्या रामाजीची बायको, सुगंधाबाई. दोन्ही किडन्या गेल्या बिचारीच्या. दर खेपेले जंगलातून दूरच्या दवाखान्याची बस, जातानी उलटी, येतानी उलटी... मशीन आली तवा रामाजी नारळ घेऊन गेला जी फोडाले! डॉक्टर म्हने, "अहो, आत नको!"

मंग बसली बैठक. कोनाले घ्याव, कोनाले सोडाव? गडचिरोलीहून आलेले साहेब नाकात बोलले, "तरुणांना प्राधान्य द्यावं." मास्तर म्हने, "ज्याचे लेकरं लहान, त्याले." रफीकभाऊ उसळला, "और बूढे क्या जंगल में जाके बैठें?" असा कल्ला, बाप्पा! शेवटी सगळ्याइनं रामाजीकडं पाह्यलं. काऊन? तं गावच्या तलावाची मासोळी दरसाली रामाजीच वाटते. ढीग मांडाचे, यानं पाठ करून उभं राहाचं, एकानं ढिगावर काडी ठेवून इचाराचं, "हा कोनाचा?" अन् यानं नाव घ्याचं. आजवर भांडन नाई. वाटा एकदम बरोबर!

रामाजी फुगला ना बावा! म्हने, "सगळ्याइले थोडी थोडी करा." डॉक्टरनं कपाळ धरलं, "बाबा, ही मासोळी नाही. अर्धवट केलं तर सातही जातील." बरं म्हनून गडी भिताडाकडं तोंड करून उभा! डॉक्टर एकेक पाळी इचारते, "ही कोणाची?" हा भिताडाले सांगते, "संघपालच्या मायची." "ही?" "मलिकाबाईची." धडाधड नावं! अन् वाटनाऱ्यानं सोताचं नाव शेवटी घ्याचं, हा आमचा रिवाज. सहा झाली, सातवं घ्याले तोंड उघडलं... तं मांगून डॉक्टरचा आवाजच नाई. वळून पाह्यते तं सगळे माना खाली घालून.

अरे, मासोळीचे ढीग घरं मोजून मांडतेत रे बाबा! इथी घरं सात अन् ढीग सहा!

"परत वाटू जी," रामाजी म्हनाले गेला. मास्तर म्हने, "नाई भाऊ, वाटा एकदम बरोबर झाला."

बाहेर सुगंधाबाई बाकावर. "आपला वार कोनता आला?" यानं कसंतरी सांगलं. बाई म्हने, "दरसाली मासोळीची उरलेली डोकी तरी आनत होते घरी... अवंदा तेबी नाई?" मले हसू आलं जी, अन् त्याच वक्ती मी तोंड फिरवून घेतलं.

बरं, त्या दूरच्या जुन्या दवाखान्यातून सुगंधाबाईचं नाव काटलं. काऊन? तं तुमच्या तालुक्याले मशीन देली ना! आमचा डॉक्टर मानूस चांगला, मांगं आला, म्हने, "धीर धरा. सहातलं कोणी कमी झालं की पहिला नंबर तुमचाच."

आता घ्या! रामाजी रोज सकाळी साही घरी जाते. "काय जी, तब्येत कशी हाय?" लोक म्हनतेत, केवढी माया! संघपाल त्याले च्या पाजते, म्हनते, "माय बरी हाय जी." अन् हा घरी येऊन सुगंधाबाईजवळ बसून रडते. काल मलिकाबाईचा जीव घाबरा झाला म्हनून आयकलं, मले वाटलं आज तं नाई रडनार...

कायचं जी! बरी हाय आयकलं तरी रडते, बरी नाई आयकलं तरी रडते!