अहवालावरचं पहिलं नाव

ओहायोतल्या आमच्या शहरात बसथांब्यावर माझ्यापुढे दोघी बोलत होत्या: वस्तीच्या मंडळाच्या म्हाताऱ्या मिस लव्हर्न आणि सार्वजनिक धोरण शिकणारी कर्स्टन.

"मिस लव्हर्न, पालिकेनं या जागेबद्दलचा आपला अहवाल मान्य केला! इथं झाडं लागणार, बाकं येणार."

"देव तुझं भलं करो, पोरी. बसची वाट बघत निवांत टेकता येईल."

"बस इथं नाही येणार. उद्यापासून थांबा टेकडीखाली हलवताहेत."

"या गुडघ्यांनी मी टेकडी चढू? कुणाची ही अक्कल?"

"आपलीच. बसच्या धुरानं जीव घुसमटतो, असं तुम्हीच बैठकीत म्हणालात."

"अगं, मी नव्या बस मागत होते!"

"ते आमच्या विषयात बसत नव्हतं. पण अहवालावर पहिलं नाव तुमचंच आहे."

"खोडून टाक."

"छापून झालंय. आज विद्यापीठात लोकसहभागाचं बक्षीसही तुम्हालाच आहे."

"इथून तिथं बस जाते?"

"आज जाते."